थंड खोलीतले पिवळे स्फटिक

"माझे वडील मार्चमध्ये वारले," अनालिया बेंतानकोर म्हणाली. "आणि काल सोमवारी ते प्रयोगशाळेत येऊन काम करून गेले, असं तिथले लोक म्हणताहेत."

निबिया आरोस्पिदेने हातातला, माते हा कडवट काढा प्यायचा तुंबा साबणाच्या पाण्यात तसाच सोडला आणि हात पुसत ती मोरीतून बाहेर आली. साठीची, बुटकी बाई. आयुष्यभर तिने एका विमा कंपनीसाठी खोट्या आगी आणि खोटे अपघात शोधून काढले होते. नवरा गेल्यावर तिने मोंतेविदेओत स्वतःची खासगी तपासाची पाटी लावली, आणि पाटीबरोबर तिच्या वाट्याला नवऱ्याचा भाऊ विल्मार आला. तो निवृत्त बस-ड्रायव्हर. तो तिची गाडी चालवायचा आणि प्रत्येक प्रकरणात न चुकता भलत्याच माणसावर संशय घ्यायचा.

"वहिनी, साबणात बुडवलाय तो माझा मातेचा तुंबा तर नाही ना?" कोपऱ्यातून विल्मारने विचारलं.

"भावजी, पाहुण्या बसल्यात."

"मातेचा तुंबा कुणी साबणाने धुतं का? बापजन्मात ऐकलं नाही. किती वर्षांची चव होती त्यात."

"चव नव्हे, बुरशी. तुम्ही बोला," निबिया अनालियाला म्हणाली.

बाहेर ऑगस्टचं धुकं होतं. नदीवरून एखाद्या जहाजाचा भोंगा मधूनच ऐकू यायचा आणि अर्धवट थांबायचा.

अनालिया तिशीची होती, मुलांच्या इस्पितळात नर्स. तिने सांगितलं ते असं. तिचे वडील प्रोफेसर आरियेल बेंतानकोर सापाच्या विषातल्या एका प्रथिनावर काम करत. आपल्याकडे रानात क्रुसेरा साप चावला की माणूस एखाद्या वेळी वाचतो, पण पाय सडतो. तो या प्रथिनामुळे. प्रथिनाचे स्फटिक केले, त्यांच्यावर क्ष-किरण सोडले, की त्याचा आकार कळतो. या प्रथिनाचा एकच आकार जगाला माहीत होता.

"बाबा म्हणायचे, प्रथिन म्हणजे पुतळा नाही, ते हलतं. मूठ मिटते तशी उघडतेही. सगळ्यांना मिटलेली मूठ दिसली होती. बाबांना उघडी सापडली. उघड्या मुठीत औषध ठेवता येतं." ती थांबली. "पण ते स्फटिक दुसऱ्या कुणालाच जमेनात. बाबांचे दुय्यम, डॉक्टर इरासाबाल, त्यांनी तक्रार केली. समिती बसली. बाबांनी सगळ्यांसमोर थंड खोलीतून आपली नळी काढली, त्यात त्यांच्या स्फटिकांचा साठा होता. आत नुसतं पिवळं पाणी."

"मग?"

"त्याच दिवशी त्यांना बाहेर काढलं. चौकशी संपेपर्यंत आत यायचं नाही, कुणाशी या विषयावर बोलायचं नाही. बाबा नियमाचे पक्के. घरी गप्प बसून असायचे, छातीवर हात ठेवून. मी गोळ्या दिल्या, तपासण्या केल्या. 'एक दुपार आत जाऊ द्या,' एवढंच पुटपुटायचे. एका सकाळी उठलेच नाहीत."

"त्यांच्या वस्तू कुणाकडे आहेत?"

"पांढरा कोट लूर्देसने मागून घेतला, त्यांची मदतनीस. मी तो उकळून, ब्लीच घालून दिला. इस्पितळाची सवय आहे, न उकळता कपडा हातावेगळा होत नाही. आणि एक काडी होती, टोकाला त्यांच्याच भुवईचा केस. स्फटिकांच्या कामाची असावी. ती मी त्यांच्या सदऱ्यातच राहू दिली. त्यांच्याबरोबर गेली."

"आणि काल?"

"काल लूर्देसच्या ट्रेमध्ये बाबांचे स्फटिक उगवले. सगळ्यांनी पाहिले. दुपारपर्यंत ते नाहीसेही झाले. शुक्रवारी समिती निकाल देणार. फसवणूक असा शिक्का बसला की बाबांच्या नावापुढे जन्मभर तेवढंच. जन्म तर संपलाच त्यांचा." तिने मान खाली घातली. "मला भूत नकोय. त्यांनी खोटं केलं होतं का, एवढंच मला कळायला हवं."

*

संस्था सेर्रोच्या टेकडीखाली एका जुन्या मांसाच्या कोठारात होती. कोठार बंद पडून जमाना झाला, पण जाड भिंती आणि थंड खोल्या तशाच होत्या. एका खोलीच्या छताला मांस टांगायचे लोखंडी आकडे अजून ओळीने लोंबत होते. काढायला पैसे मंजूर झाले नव्हते. त्यांच्याखाली फळ्यांवर प्रथिनांचे ट्रे.

विल्मारने वर पाहिलं आणि तो दाराबाहेरच थांबला. "मी इथूनच ऐकतो, वहिनी."

लूर्देस पिंतोस चाळिशीची, रडून डोळे सुजलेली बाई होती. तिच्या अंगात तिच्या मापाचा नसलेला पांढरा कोट होता. बाह्या दुमडलेल्या होत्या आणि मनगटावर एक लांब, ताजा ओरखडा.

"बोका," तिने सांगितलं. "सेनादोर. लाडावलाय."

"स्फटिक कसे करतात ते मला सांगा," निबिया म्हणाली. "मी अडाणी आहे असं समजून."

"विरजणासारखं आहे, बाई. दूध आपलं आपण नीट दही होत नाही, आधीचं थोडं लागतं. तसं जुन्या स्फटिकाला केस टेकवायचा आणि तोच केस नव्या थेंबांतून एकामागून एक ओढायचा. डोळ्यांना दिसत नाहीत असे कण केसाला लागून येतात, ते थेंबात पडतात, त्यांच्यावर स्फटिक वाढतात. केस कशाचाही चालतो. सरांचा भुवईचा होता, माझी बोक्याची मिशी, डॉक्टर इरासाबालांचा घोडीच्या शेपटीचा." तिने भिंतीवरचा एक छोटा स्टँड दाखवला. तीन जागा. एक रिकामी. दोन बुचाच्या नळ्यांत काड्या उभ्या होत्या, तळाशी स्फटिकांचंच थोडं द्रावण. "केस कोरडा पडून मोडू नये म्हणून. ज्याचा त्याचा वेगळा. एका तुंब्यातून, एका नळीने आख्खी संस्था माते पिते, पण दुसऱ्याचा केस कुणी घेत नाही. ते पाप."

निबियाने वाकून पाहिलं. बोक्याची मिशी पांढरी, ताठ, कोरी करकरीत होती. घोडीचा केस काळा, जुनाट, टोकाला पिवळट.

"तुमच्या मिशीने तुम्ही सरांचे स्फटिक कधी हाताळले होते?"

"कधीच नाही. सर कुणाला हात लावू देत नसत. माझ्या मिशीला मिटल्या मुठीच्या जातीखेरीज काही ठाऊक नाही. समितीने मला सरांच्या कृतीने शेवटचा प्रयोग करायला सांगितला. केस ओढा असं कृतीत आहे, म्हणून ओढायचा. विरजण कुठे होतं? कितीतरी ट्रे लावले, काहीच नाही. गेल्या शुक्रवारी इथे फार गारठलं होतं, मी सरांचा कोट अंगात घातला आणि शेवटचा ट्रे लावला. सोमवारी झाकण उघडलं, आणि..."

तिने फोनवरचे फोटो दाखवले. सहा थेंबांचे सहा फोटो. पिवळे, सहा कडांचे दांडे, थेंबाच्या मधोमध एका रेषेत.

विल्मार आता उंबऱ्यापर्यंत आला होता. त्याने खांद्यावरून डोकावलं. "माझ्या बससारखं आहे हे. पहिल्यात उभं राहायला जागा नाही, दुसऱ्यात जरा कमी, आणि शेवटच्यात एकच उतारू. तो मात्र ऐसपैस बसलाय."

"पहिल्या थेंबात हे चपटे तुकडे कसले?" निबियाने विचारलं.

"मिटली जात. दोन-चार आलेत मधूनच."

"मग तुम्ही काय केलंत?"

"सगळ्यांना बोलावलं. डॉक्टर इरासाबाल, वरच्या मजल्यावरची गणितं करणारी इवोन, दोघांनीही पाहिलं. डॉक्टर तर भिंतीला टेकले. मग मी क्ष-किरण विभागाशी बोलायला पलीकडच्या इमारतीत गेले. परत येऊन पाहते तर थेंब स्वच्छ. आणि थेंबांवरच्या काचेच्या चकत्यांना आतल्या बाजूने वाफ धरलेली, बाई. कुणी आतून श्वास सोडावा तशी." लूर्देसने कोट छातीशी आवळला. "सर आले, करून दाखवलं आणि घेऊन गेले. मी दुसरं काय समजू?"

बाहेर पडताना आकडे किंचित हलत होते. वारा असेल, पण थंड खोलीला खिडकी नव्हती. विल्मारने नंतर सांगितलं की पंख्याने हलत असतील, आणि मग गाडीपर्यंत तो एकदाही मागे न बघता चालत गेला.

*

डॉक्टर ओरासियो इरासाबाल आता प्रभारी प्रमुख होता, पण प्रोफेसरांच्या मोठ्या दालनात तो गेला नव्हता. जिन्याखालच्या आपल्या जुन्या खोलीत बसला होता. दार सताड उघडं, दुपार असूनही सगळे दिवे चालू, पायाशी हीटर. टेबलावर थर्मास.

"मला बेंतानकोरबद्दल वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण विज्ञानात दुःखाला जागा नसते. हे प्रथिन उघडत नाही. मी बारा वर्षांपूर्वी त्याचा आकार काढला, तोच खरा. माझं नाव त्यावर आहे."

"तुम्ही त्यांचे स्फटिक पाहिले होते?"

"कालपर्यंत कधीच नाही. समितीला मी शपथेवर सांगितलंय, त्यांच्या नळीला मी बोटसुद्धा लावलेलं नाही."

"मग काल जे दिसलं ते काय?"

"कसला तरी क्षार. लूर्देस भाबडी आहे, आणि इवोनकडे किल्ली आहे. इवोनच्या गणितात मूठ उघडते. तिला ती उघडलेली हवीच आहे." त्याने कपाळ पुसलं. "खरा स्फटिक कसा असतो सांगू? माझा मिटल्या जातीचा या थर्मासशेजारी ठेवा, दिवसभर हलणार नाही. आणि हे बेंतानकोरचे, जरा ऊब लागली की पाणी. याला स्फटिक म्हणायचं?"

निबियाने मान डोलावली. "तुमचा केस पाहिला मी. घोडीचा."

त्याचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. "तोरमेंता. आमच्या दुराज्नोच्या शेतावरची. माझा पहिला स्फटिक त्याच केसाने धरला. ज्या केसाने दिलं त्याला पाणी लावायचं नसतं, साबण तर नाहीच. इथल्या कुणालाही विचारा."

"कालपासून थंड खोलीत गेलात?"

"काम नव्हतं," तो म्हणाला, आणि पायाने हीटर आणखी जवळ ओढला.

*

इवोन कासारिनो वरच्या मजल्यावर बसायची. तिच्या पडद्यावर ते प्रथिन रिबिनीच्या गुंत्यासारखं दिसत होतं आणि सावकाश हलत होतं. फुगायचं, आक्रसायचं, फुगायचं. विल्मार त्याच्याकडे बघत राहिला.

"झोपलेल्या माणसासारखं वाटतंय," तो म्हणाला.

"सगळ्यांना तसंच वाटतं, काका. रात्री एकटीने बघू नये," इवोन म्हणाली. ती तिखट, तरुण बाई होती. "हो, माझ्या गणिताप्रमाणे ते उघडतं. प्रोफेसर खरे ठरले तर मी खरी ठरते. हो, माझ्याकडे किल्ली आहे. नाही, बोलावल्याशिवाय मी खाली जात नाही. आकडे मला पडद्यावर आवडतात, छताला नाही."

"काल ते स्फटिक नाहीसे कशाने झाले असतील?"

"मला काय माहीत? प्रोफेसरांनी त्यांच्या लेखात स्फटिक टिकतात की नाही, गार लागतात की गरम, यातलं एक अक्षर लिहिलेलं नाही. तेच तर समितीला खुपतंय. माझ्या संगणकाला विचाराल तर त्याला थंडी वाजत नाही आणि उकडतही नाही." तिने खुर्ची वळवली. "भुताचं म्हणाल, तर प्रोफेसर असते तर आधी मला ओरडले असते. चहाचा कप कळफलकावर ठेवते म्हणून. ओरडलं कुणी नाही. ते आलेले नाहीत." शेवटचं वाक्य ती जरा हळू बोलली.

*

गाडीत विल्मारने निकाल दिला. "इवोन. किल्ली आहे, स्वार्थ आहे, आणि ते पडद्यावरचं झोपलेलं काहीतरी तिने पाळलंय."

"तिने स्फटिक उगवले असते तर नाहीसे कशाला केले असते? तिला ते हवे होते."

"मग लूर्देस. वेडाच्या भरात."

"भावजी, समोर बघून चालवा."

मग त्याच्या मनातली सकाळपासूनची सल बाहेर आली. "तुम्हाला कळायचं नाही, वहिनी. तुंबा का धुवायचा नाही? कारण आधीचं सगळं त्यात राहतं. दिसत नाही, पण असतं. बाहेरून बघून कळत नाही की याच्यात गेल्या वर्षी कुणी संत्र्याची साल टाकली होती. नवा येर्बाचा पाला भरला, गरम पाणी ओतलं, की जुनं बोलायला लागतं."

निबिया काही क्षण समोरच्या धुक्याकडे पाहत राहिली.

"गाडी फिरवा," ती म्हणाली.

"कुठे?"

"परत. आणि भावजी, तुंब्याबद्दल मी माफी मागते."

विल्मार इतका चकित झाला की त्याने वळणाचा दिवासुद्धा लावला नाही.

संस्थेत जाऊन निबियाने लूर्देसला बाजूला घेतलं आणि तिच्या कानात एकच प्रश्न विचारला. उत्तराऐवजी लूर्देस रडायला लागली. निबियाला तेवढं पुरलं. मग दार लावून दोघींनी एक ट्रे लावला, चिकटपट्टीने बंद केला आणि थंड खोलीत ठेवला. विल्मारला दाराबाहेर स्टूल मिळालं. शुक्रवारपर्यंत तो तिथून हलला नाही. गेला तो फक्त नैसर्गिक विधीला, आणि तेव्हा निबिया बसली. आतून अधूनमधून लोखंडाचा किणकिण आवाज येतो, असं त्याने तिला सांगितलं. तिनेही तो ऐकला होता.

*

शुक्रवारी समिती बसायच्या आधी सगळे थंड खोलीत जमले. लूर्देस, इवोन, इरासाबाल, अनालिया. समितीच्या अध्यक्ष, एक कडक वृद्ध बाई, दारात उभ्या राहिल्या. तोंडातून प्रत्येकाची वाफ निघत होती. इरासाबाल भिंतीला पाठ लावून उभा होता आणि त्याची नजर पुन्हा पुन्हा कोपऱ्यांत जात होती.

"भूत नसतंच, असं मी म्हणत नाही," निबियाने सुरुवात केली. "पण भूत दमत नाही. इथे काहीतरी दमत गेलं होतं. पहिल्या थेंबात स्फटिकांची दाटी, पुढे कमी, सहाव्यात एकच. हे माझ्या दिरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, फक्त त्यांना ते कळलं नाही. बस प्रत्येक थांब्यावर रिकामी होत जाते. कणांनी भरलेला एक केस थेंबा-थेंबातून गेला आणि रिकामा होत गेला. स्फटिक रेषेत होते ते त्यामुळे."

"कोटातून आले असतील," लूर्देस पुटपुटली. तिला अजूनही तसंच हवं होतं.

"कोट अनालियांनी ब्लीच घालून उकळला होता. त्यात काही उरणं शक्य नाही. आणि कोट रेषा ओढत नाही. तेव्हा केस. पण कुणाचा? प्रोफेसरांचा त्यांच्याबरोबर गेला. बोक्याची मिशी? मंगळवारी मी पाहिली तेव्हा ती कोरी होती, आणि तुमच्या मनगटावर ताजा ओरखडा होता. मिशी नुकतीच सेनादोरकडून वसूल झाली होती. म्हणजे गेल्या शुक्रवारी ट्रे लावताना तुमच्याकडे मिशी नव्हती."

"मोडली होती," लूर्देस म्हणाली. "हात गारठले होते, मोडली. तो शेवटचा ट्रे होता. मी... मी डॉक्टर इरासाबालांची काडी घेतली. न विचारता. असं आमच्यात कुणी करत नाही. मला लाज वाटली म्हणून बोलले नाही."

इरासाबालचं डोकं झटकन वळलं. त्याला हे आत्ता कळत होतं.

"आणि त्यात विरजण असेल अशी शंका तुम्हाला आली नाही?"

"कशी येणार? डॉक्टरांनी शपथ घेतली होती की सरांच्या स्फटिकांना ते शिवलेच नाहीत."

"मूर्खपणा आहे हा," इरासाबाल म्हणाला, पण आवाज पातळ होता. "काडी उघड्यावर असते. लूर्देसने घेतली तशी आधी आणखी कुणी घेतली असेल."

"असेल. पहिल्या थेंबात मिटल्या जातीचे चपटे तुकडेही होते. दोन्ही जातींना शिवलेला केस होता तो. तेवढ्याने तुम्ही चोर ठरत नाही, हे कबूल. म्हणून मला तुमचंच वाक्य आठवलं. सोमवारी चकत्यांना आतून वाफ धरली होती. तो श्वास नव्हता. ट्रे तापवून पुन्हा गार जागी ठेवला की दव धरतं. स्फटिक उबेने विरघळवले गेले. पण हे इथे कुणालाच माहीत नव्हतं. सगळे 'नाहीसे झाले' म्हणत होते. प्रोफेसरांच्या लेखात त्याचा उल्लेख नाही, इवोनला ठाऊक नाही. तुम्ही मात्र मला सहज सांगितलंत, जरा ऊब लागली की पाणी. जो माणूस ते स्फटिक सोमवारी पहिल्यांदा आणि तेही क्षणभर बघतो, त्याला हे कसं कळलं?"

छताचे आकडे स्थिर होते.

"लूर्देस, ट्रे काढा. यात तीन ओळी आहेत. एकीत बोक्याची नवी मिशी ओढली, दुसरीत प्रोफेसरांच्या कोटाचा धागा, तिसरीत तोरमेंताचा केस. बघा."

लूर्देसने पट्टी कापली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "मिशी, काही नाही. कोट... कोटात काही नाही." मग तिसऱ्या ओळीवर आली आणि उठून बाजूला झाली. अध्यक्षबाई पुढे आल्या, वाकल्या, पाहिलं आणि अनालियाला हाताने बोलावलं.

अनालियाला थेंबात पिवळे दांडे दिसले, मोजके, एका रेषेत, कडा धारदार.

"मला वाटलं तो आला," इरासाबाल म्हणाला. तो कुणाकडेच बघत नव्हता. "सोमवारी मला खरंच वाटलं, तो परत आला. फेब्रुवारीत मी फक्त बघायला आलो होतो. एक दांडा माझ्या केसाने उचलला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. खरा होता. बारा वर्षं मी जगाला सांगत होतो की ही मूठ उघडत नाही, आणि ती समोर उघडी होती. थर्मासच्या पाण्यात त्याची नळी धरली. क्षणभरच. मग तक्रार लिहायला बसलो. सोमवारी ते पुन्हा उगवलेले पाहिले, तेव्हा लूर्देस गेल्यावर ट्रे माझ्या हीटरवर ठेवला. त्याला दुसऱ्यांदा मारल्यासारखं वाटलं."

"पण केस धुवून का नाही टाकलात?" विल्मारने विचारलं.

इरासाबालने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू याच्याइतका वेडा माणूस त्याला भेटलाच नव्हता. "तोरमेंताचा केस? तो कुणी धुतं का?"

विल्मारने मान हलवली. या एका बाबतीत त्याला त्या माणसाचं पटलं होतं, आणि त्याचीच त्याला शिसारी आली.

अनालिया अजून सूक्ष्मदर्शकापाशी होती. "म्हणजे बाबांच्या काडीवरही हे होतं," ती म्हणाली. "भुवईच्या केसावर."

"होतं," निबिया म्हणाली. "ती काडी, एक ट्रे आणि एक दुपार. स्फटिक पुन्हा उगवून दाखवायला त्यांना बाकी काही नको होतं."

"एक दुपार आत येऊ द्या, असा त्यांचा अर्ज माझ्याकडे आला होता," दाराशी परत गेलेल्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्यावर कारण लिहिलेलं नव्हतं. बोलायची मनाई होती ना त्यांना. नियमात बसत नाही, असा शेरा मी मारला."

अनालियाने हळूच स्वतःचा हात डाव्या छातीवर ठेवला, जिथे पुरुषांच्या सदऱ्याला खिसा असतो. ती तशीच उभी राहिली.

"काडी या खिशात होती," ती म्हणाली. "ते दिवसभर असा हात ठेवून बसायचे. मी नर्स आहे. मला वाटलं, छातीत दुखतंय. मी गोळ्या देत राहिले."

आयुष्यभर निबियाने लोकांना खरं काय ते सांगितलं होतं, पण त्यानंतर काय बोलायचं असतं ते तिला कधीच आलं नाही.

"वर चला सगळे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "डॉक्टर इरासाबाल, तुम्ही आधी. आजच्या निकालातला 'फसवणूक' हा शब्द काढायचा आहे, आणि दुसऱ्या नावापुढे लिहायचा आहे."

पावलं जिन्यावर गेली. लूर्देसने प्रोफेसरांचा कोट अंगातून काढला आणि अनालियाच्या खांद्यांवर घातला, कारण खोली फार गार होती. अनालिया पुन्हा खाली वाकली आणि बघत राहिली. तिला कुणी उठवलं नाही.